परावलंबी घड्याळ

प्रवासास निघणाऱ्या माणसाने बरोबर काय घ्यावे, याविषयी जुन्या पिढीचे आडाखे ठरलेले असत. फडक्यात बांधलेली शिदोरी, पाण्याचा तांब्या, एखादे कांबळे, कनवटीला थोडे पैसे आणि ज्यांची ऐपत असे त्यांच्या खिशात साखळीचे घड्याळ, एवढ्या सामानावर लांबलांबच्या मजला मारल्या जात. ह्या वस्तू दिसण्यात कितीही भिन्न असल्या, तरी त्यांत एक गुण समान होता. घराचा उंबरठा ओलांडल्यावर त्यांपैकी कोणतीही वस्तू मागे वळून घराकडे पाहत नसे. शिदोरी रानातल्या झाडाखालीही शिदोरीच राही; आणि सकाळी किल्ली दिलेले घड्याळ वाटेत कोणासही काही न विचारता आपली टिकटिक चालू ठेवी.

आज सुशिक्षित कुटुंबांतील पुष्कळांच्या मनगटावर जे घड्याळ दिसते, त्याच्याविषयी इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. स्मार्टवॉच या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र वेळ तर सांगतेच. शिवाय ते पावले मोजते, नाडी पाहते, रस्ता दाखवते, आलेले निरोप वाचावयास देते, पावसाचे भाकीत करते आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तरही देते. परंतु ह्या विद्यांपैकी काही त्याच्या स्वतःच्या आहेत आणि बऱ्याच उसन्या आहेत. उसनवारीचा हा व्यवहार इंटरनेटच्या अदृश्य धाग्यावरून चालतो. घरात आणि कचेरीत तो धागा सहसा तुटत नाही. म्हणून तो आहे याची आठवणही कोणास राहत नाही. तो तुटतो प्रवासात. म्हणजे ज्या वेळी मनुष्य परक्या ठिकाणी असतो आणि त्याला विचारण्याची गरज सर्वांत अधिक असते, नेमका त्याच वेळी हा बहुश्रुत सोबती मुका होतो.

एक साधे उदाहरण कल्पून पाहावे. पुण्यातील एक गृहस्थ आप्तांकडील कार्यासाठी तळेगाव ढमढेरे येथे जावयास निघाले आहेत. अहिल्यानगरच्या रस्त्याने वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा आणि सणसवाडी ही गावे मागे टाकून शिक्रापुरास वळावयाचे, एवढी ही वाट. परंतु गृहस्थ निघतात ते मनगटाजवळ तोंड नेऊन, ‘तळेगाव’ एवढा एकच शब्द उच्चारून. आता पुणे जिल्ह्यात प्रसिद्ध तळेगावे दोन आहेत. एक दाभाड्यांचे, ते पुण्याच्या वायव्येस मुंबईच्या वाटेवर. दुसरे ढमढेऱ्यांचे, ते ईशान्येस शिरूर तालुक्यात, वेळ नदीच्या काठी. दोन्ही गावांना मराठेशाहीतील सरदार घराण्यांची नावे जोडलेली आहेत आणि व्यवहारात त्या नावांवरूनच ती ओळखली जातात. एस.टी.च्या वाहकास कोणी नुसते तळेगाव म्हटले, तर तिकीट फाडण्यापूर्वी तो सहजच विचारील, ‘कोणते? दाभाडे की ढमढेरे?’ हे ज्ञान त्याच्या जिभेवर असते. त्यासाठी त्यास कोठेही चौकशी करावी लागत नाही. घड्याळास मात्र हाच प्रश्न सोडविण्यासाठी गृहस्थांचा आवाज दूरदेशीच्या एखाद्या संगणकाकडे पाठवून तेथून उत्तर मागवावे लागते. धागा शाबूत असेल तर हा प्रश्नोत्तरांचा खेळ पापणी लवण्याच्या आत संपतो आणि कोणास त्याचा पत्ताही लागत नाही. धागा तुटला असेल तर मनगटावर एक चक्र फिरत राहते आणि गृहस्थ फाट्यावर उभे राहतात.

ह्या गृहस्थांचा प्रवास आणखी थोडा पुढे नेऊ. कार्य आटोपून त्यांना न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात जावयाचे आहे आणि तेथून आगगाडी गाठावयाची आहे. दिवसभरात खिशातील मोबाईलची बॅटरी संपली. हातातील घड्याळाची मात्र शिल्लक आहे. गृहस्थांची समजूत अशी की मोबाईल गेला तरी घड्याळ आहेच. ही समजूत अर्धीच खरी असते. बहुतेक स्मार्टवॉच हे ब्लूटूथ नावाच्या अल्प पल्ल्याच्या बिनतारी संकेताने मोबाईलशी बांधलेले असते. हा पल्ला साधारण दहा मीटरांचा. घड्याळात स्वतंत्र सिमची सोय नसेल, तर जगाशी होणारे त्याचे बहुतेक बोलणे मोबाईलच्या तोंडून होते. मोबाईल निजला की घड्याळाचे दार बाहेरून बंद होते. आणि स्वतंत्र सिम असले, तरी उसाच्या मळ्यांतून, ओढ्याच्या खोलगट भागातून किंवा घाटाच्या आडोशातून जाताना संकेत क्षीण झाला म्हणजे तेही दुर्बळ होते. इतकेच नव्हे, तर हरवलेला संकेत पुनःपुन्हा शोधण्यात त्याची स्वतःची बॅटरीही अधिक वेगाने खर्ची पडते.

मग अशा वेळी त्या घड्याळात काय उरते? तक्रार करण्यापूर्वी हा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण त्यातच ह्या सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ उरते. घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकाचा एक सूक्ष्म तुकडा असतो. तो सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ती कंपने मोजून यंत्र काळ मोजते. हे तत्त्व मनगटी घड्याळात विक्रीस आले ते १९६९ च्या डिसेंबरात, जपानमध्ये. साध्या स्फटिकी घड्याळाची चूक महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे इंटरनेट आठवडाभर नसले, तरी वेळेपुरते हे घड्याळ विश्वासू आहे. त्याचप्रमाणे नाडी पाहण्यास त्यास कोणाची मदत लागत नाही; कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या प्रवाहातील चढउतार ते स्वतःच वाचते. पावले मोजणे, गजर करणे, किती वेळ चाललो हे सांगणे, ही सारी त्याची घरची कमाई आहे.

दुसरा वर्ग आकाशाकडून येणाऱ्या ज्ञानाचा. आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहोत, हे घड्याळ उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवते. या कामास इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परंतु येथेही एक मेख आहे. जी.पी.एस.चे उपग्रह आपला मजकूर सेकंदास अवघ्या ५० बिटांच्या मंद गतीने पाठवितात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळण्यास सुमारे अर्धा मिनिट लागतो, आणि सर्व उपग्रहांचे पंचांग पूर्ण ऐकावयाचे तर साडेबारा मिनिटे. हा विलंब टाळण्यासाठी घड्याळे ते पंचांग आधीच इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि मग काही क्षणांत स्थान दाखवितात. पुष्कळ दिवस इंटरनेट न मिळालेले घड्याळ उघड्या माळावर बराच वेळ ‘शोधत आहे’ असे म्हणत राहते, त्याचे कारण हे. ते बिघडलेले नसते. आकाशाकडे कान लावून बसलेले असते. अधीर प्रवासी मात्र त्यास बंद करून पुन्हा चालू करतो, आणि ऐकणे पहिल्यापासून सुरू होते.

तिसरा वर्ग निव्वळ उसन्या ज्ञानाचा. नकाशाचे चित्र, रस्त्यावरील गर्दी, हवामान, निरोप, भाषांतर आणि तोंडी प्रश्नांची बहुतेक उत्तरे ह्या वर्गात मोडतात. स्थान कळले, पण नकाशा नाही, अशी चमत्कारिक अवस्था येथेच उद्भवते. घड्याळास अक्षांश-रेखांश अचूक माहीत असतात. परंतु त्या बिंदूभोवती गाव आहे की नदी, हे त्यास सांगता येत नाही. कोऱ्या कागदावर एक निळा ठिपका तेवढा चमकत राहतो.

येथे घड्याळाच्या इतिहासाकडे थोडे वळून पाहणे उपयोगाचे होईल; कारण स्वावलंबी घड्याळ आणि परावलंबी घड्याळ हा झगडा आजचा नव्हे. समुद्रावरील प्रवाशांस आपले रेखांश कळावे म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१४ मध्ये वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलाने त्यासाठी आयुष्य वेचले. त्याने १७५९ मध्ये पुरे केलेले चौथे घड्याळ १७६१ च्या अखेरीस जमैकाच्या सफरीवर गेले, तेव्हा ८१ दिवसांच्या सागरप्रवासात त्याची चूक सुमारे पाच सेकंदांची भरली. ह्या विजयाचे मर्म कशात होते? बंदर सुटल्यावर त्या घड्याळास कोणाकडेही वेळ मागावी लागली नाही, यात होते. बंदरातील वेळ त्याने स्वतःच्या पोटात भरून नेली होती. प्रवासी घड्याळाची कसोटी त्या दिवशी ठरून गेली.

याच्या उलट, वेळ उसनी आणण्याची परंपराही जुनीच आहे. लंडनमध्ये बेलव्हिल नावाच्या एका कुटुंबाने १८३६ पासून वेळ विकण्याचा धंदा केला. रूथ बेलव्हिल ही बाई ग्रिनिचच्या वेधशाळेत आपले घड्याळ लावून घेई आणि शहरातील घड्याळजींच्या दुकानी जाऊन त्यांना खरी वेळ दाखवी. १९४० पर्यंत हा व्यवसाय चालला. परंतु तिच्या गिऱ्हाइकांची अवस्था आजच्या प्रवाशाहून वेगळी होती. बाई आठवड्यातून एकदा येई आणि मधले दिवस गिऱ्हाइकाचे घड्याळ आपल्या बळावर चाले. आपल्याकडेही रेडिओवरील वेळेच्या ठोक्यांवर घरातील घड्याळ लावून घेण्याची चाल अनेक घरांत होती. दिवसातून एकदा उसने घ्यावे आणि बाकीचे तेवीस तास स्वतःच्या किल्लीवर काढावेत, हा तो संसार. एच.एम.टी.ची मनगटी घड्याळे ह्याच संसारातली. रोज सकाळी अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीत त्यांस दिलेला पीळ हीच त्यांची दिवसभराची शिदोरी होती.

त्याही आधी गावोगावची वेळ त्या त्या गावच्या सूर्याची असे. लग्नाच्या मुहूर्तासाठी जोशीबुवा घंगाळात घटिकापात्र सोडीत. तळाशी छिद्र असलेली ती वाटी चोवीस मिनिटांत बुडे आणि एक घटका भरे. अशा साठ घटकांचा दिवस. तळेगाव ढमढेरे येथील मध्यान्ह आणि मिर्झापूरजवळून जाणाऱ्या, भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशावरील मध्यान्ह ह्यांत आजही सुमारे तेहतीस मिनिटांचे अंतर आहे. म्हणजे वेळ नदीच्या काठी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा मनगटावर साडेबारा वाजून गेलेले असतात. आगगाड्या व तारायंत्रे आली, तेव्हा गावोगावच्या ह्या वेळा गैरसोयीच्या ठरल्या आणि एकच वेळ सर्वत्र लागू करण्याची गरज पडली.

मुंबईने ह्या परावलंबनास केलेला विरोध इतिहासप्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये सरकारने मुंबईत मद्रासची वेळ लागू करण्याचा यत्न केला. लोकांच्या विरोधामुळे तो पुढे सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा तिच्यात आणि मुंबईच्या स्थानिक वेळेत ३९ मिनिटांचे अंतर होते. त्या जानेवारीतच गिरणी कामगारांनी ह्या बदलाविरुद्ध आवाज उठविला. सूर्य तोच, थकवा तोच, आणि भोंगा मात्र आधी, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. मुंबईच्या महापालिकेने तर आपली मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालविली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, सरकारने देशातील घड्याळे आणखी एक तास पुढे ढकलली होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ह्या साऱ्या वादात कोण बरोबर होते, हा प्रश्न वेगळा. एक प्रमाणवेळ असणे सोयीचे, हे आता सर्वमान्य झाले आहे. तथापि त्या काळच्या लोकांना निदान एवढे तरी ठाऊक होते की आपली वेळ बाहेरून येत आहे. म्हणूनच ते तिच्याविषयी भांडू शकले. आजच्या मनगटावर काय बाहेरून येते आणि काय आतले आहे, हे पाहणाऱ्यास कळतच नाही, आणि खरी अडचण तेथे आहे.

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांना ह्याचा अनुभव वेगळ्या रीतीने येतो. मुंबईहून विमानाने दुबईस उतरलेल्या प्रवाशाचे घड्याळ दीड तास मागे यावयास हवे; लंडनला हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास. जुने घड्याळ असते तर प्रवाशाने विमानातच चावी फिरवून काटे मागे घेतले असते. स्मार्टवॉच हा फरक सहसा मोबाईलकडून घेते आणि मोबाईल तेथील जाळ्याकडून. परक्या देशात मोबाईलचे जाळे मिळेपर्यंत मनगटावर मुंबईच नांदत असते. आणि जाळे मिळाले तरी प्रश्न संपतोच असे नाही. मार्च १९२३ नव्हे, अगदी अलीकडच्या मार्च २०२३ मध्ये लेबनॉन देशाच्या सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय ऐन वेळी जाहीर केला. काही संस्थांनी तो मानला नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. कोणाचे यंत्र एक वेळ दाखवी, कोणाचे दुसरी. अखेर सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. ज्यास आपल्या घड्याळाचे काटे स्वतः फिरविता येतात, तो अशा घोटाळ्यात निदान आपल्यापुरता निर्णय घेऊ शकतो.

उसने ज्ञान देणारा सावकारच अडचणीत आला तर काय होते, ह्याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जुलै २०२० मध्ये गार्मिन ह्या प्रसिद्ध कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तिच्या सेवा कित्येक दिवस ठप्प झाल्या. परंतु तिची घड्याळे त्या काळातही धावणाऱ्यांची पावले, अंतर आणि नाडी नोंदवीतच होती. कारण ती नोंद घड्याळाच्या पोटात होत होती. सेवा पूर्ववत झाल्यावर साठलेल्या नोंदी वर चढल्या. पेबल नावाच्या घड्याळाची कथा याहून करुण आहे. ही कंपनी २०१६ च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्या घड्याळांना आधार देणारी संगणकसेवा जून २०१८ च्या अखेरीस थांबली. घड्याळे धडधाकट होती. पण हवामान, तोंडी आज्ञा आणि नव्या सोयी ह्यांचा झरा आटला. काही हौशी जाणकारांनी एकत्र येऊन पर्यायी सेवा उभी केली, म्हणून त्यांपैकी पुष्कळ घड्याळे पुढे वापरात राहिली. पहिल्या कथेत घड्याळाची स्वतःची कमाई कामी आली. दुसरीत मालकाने पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची अर्धी विद्या परहस्ते होती, हे मालकास तिच्या अंती कळले.

आकाशातील सोबतीही ह्या नियमास अपवाद नाहीत. भारताने स्वतःची मार्गदर्शक उपग्रहमालिका उभारण्यास २०१३ मध्ये प्रारंभ केला. त्या मालिकेतील पहिल्याच उपग्रहावरील तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. उपग्रह फिरत होता, संकेत देण्याची साधने होती. पण अचूक वेळ नाही म्हणून स्थान सांगण्याच्या कामास तो निरुपयोगी ठरला. मनगटावरील घड्याळ आकाशातील घड्याळावर विसंबते, आणि आकाशातील घड्याळही अखेर घड्याळच असते.

येथवर ज्या अडचणी पाहिल्या, त्या बव्हंशी खोळंब्याच्या आहेत. फाट्यावर दहा मिनिटे गेली, गाडी चुकली, निरोप उशिरा मिळाला, इतकेच. परंतु ह्या घड्याळांचा एक उपयोग असा आहे की त्यात खोळंबा परवडत नाही. अनेक घरांत मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस अथवा परदेशी असते आणि आईवडील गावी. वडिलांची सत्तरी उलटलेली असते. मुलगी प्रेमाने त्यांच्या हाती स्मार्टवॉच बांधते आणि म्हणते, ‘बाबा, तुम्ही कोठे पडलात तर हे घड्याळ आम्हाला लगेच कळवील.’ वाक्य खरे आहे. पण त्याचा उत्तरार्ध अटीवर अवलंबून आहे. माणूस पडला हे ओळखणे घड्याळाचे स्वतःचे काम; अंगच्या गतिमापकाने ते ते ओळखते. हाक मारणे मात्र उसन्या वर्गातले. मोबाईल ओसरीवर चार्जिंगला लावून वडील मळ्यात गेले असतील, आणि घड्याळात वेगळे सिम नसेल, तर घड्याळ पडणे ओळखील, थरथरून विचारील, उत्तर न आल्यास संकट आहे असेही ठरवील, आणि त्यापुढे त्यास काहीही करता येणार नाही. दूरदेशी असलेली मुलगी मात्र त्याच क्षणी निश्चिंत असेल, कारण घड्याळ गप्प आहे. घड्याळाच्या मौनाचे असे दोन अर्थ होतात: एक, सर्व काही ठीक आहे, दुसरा, धागा तुटला आहे. ह्या दोहोंतील भेद दूर बसलेल्या माणसास कळत नाही.

हा दोष यंत्राचा म्हणून यंत्र फेकून द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. पडणे ओळखणारे घड्याळ नसण्यापेक्षा असणे केव्हाही बरे. परंतु त्याच्याबरोबर चार गोष्टी ठरविल्या पाहिजेत. घराबाहेर पडताना मोबाईल अंगावर असलाच पाहिजे, हा नियम वडिलांना घड्याळाबरोबरच सांगावा. ११२ हा संकटकालीन क्रमांक आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा. स्वतःच्या कंपनीचे जाळे नसले, तरी जवळपास दुसऱ्या कंपनीचे असल्यास ११२ हा क्रमांक मोबाईलवरून सहसा लागतो. शेजारच्या एका माणसाशी सायंकाळी एकदा विचारपूस करण्याचे ठरवून ठेवावे. आणि घड्याळाच्या मौनास कुशलपत्र समजू नये. काही नव्या यंत्रांत उपग्रहामार्फत हाक मारण्याची सोय येऊ लागली आहे. पण तिचे नियम देशोदेशी निराळे आहेत, आणि भारतात उपग्रह-दूरध्वनी परवान्यावाचून बाळगता येत नाही, हे परदेशाहून असले यंत्र भेट म्हणून आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

साध्या प्रवासासाठीही हाच विवेक पुरेसा आहे. निघण्याच्या आदल्या रात्री, घरचे इंटरनेट हाताशी असताना, जावयाच्या मुलखाचा नकाशा मोबाईलवर आणि सोय असल्यास घड्याळावर उतरवून घ्यावा. घड्याळ थोडा वेळ मोबाईलच्या सान्निध्यात ठेवावे, म्हणजे उपग्रहांचे ताजे पंचांग त्यास मिळते. गाडीची वेळ, डब्याचा क्रमांक आणि यजमानांचा दूरध्वनी कागदाच्या एका चिठ्ठीवर लिहावा. परदेशी जाणाऱ्याने आपल्या घड्याळाची वेळ हाताने कशी बदलावयाची, हे विमानतळावर नव्हे, घरीच शिकून घ्यावे. प्रवासात घड्याळ मुळापासून पुसून नव्याने मांडण्याचे धाडस करू नये. कारण पहिल्या मांडणीस बहुधा मोबाईल आणि इंटरनेट ही दोन्ही लागतात, आणि ती नसली तर वेळ दाखविणारे यंत्रही हाती राहत नाही. एक परीक्षा तर कोणासही घरबसल्या करता येईल. एखाद्या रविवारी मोबाईल बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि घड्याळाची एकेक विद्या चालवून पाहावी. कोणती चालते आणि कोणती नाही, ह्याची यादी अर्ध्या तासात तयार होते. ती यादी म्हणजेच त्या घड्याळाचे खरे मोल.

हे काम ग्राहकाने करावे हे ठीक. पण ते त्याच्यावर पडावे, ही गोष्ट काही भूषणावह नाही. औषधाच्या बाटलीवर ती केव्हा निरुपयोगी होते, ते छापलेले असते. घड्याळाच्या वेष्टनावर त्याच्या वीस विद्या ठळक अक्षरांत झळकतात. त्यांपैकी किती विद्या इंटरनेटवाचून चालतात, हे मात्र बारीक अक्षरांतही सहसा सापडत नाही. प्रत्येक सोयीपुढे ‘स्वतःची’ किंवा ‘उसनी’ एवढा एक शब्द छापला, तर विक्री कदाचित किंचित कमी होईल, पण गावी असलेल्या वडिलांसाठी घड्याळ घेणाऱ्या मुलीस आपण काय विकत घेत आहोत हे कळेल. दुकानात घड्याळ निवडताना रंग आणि पट्टा ह्यांच्या आधी हा प्रश्न विचारण्याची सवय ग्राहकांना लागली, तर उत्तरे छापण्याची सवय कंपन्यांनाही लागेल.

उसने घेण्यात स्वतः कमीपणा नाही. विद्या, वेळ आणि बातमी ही सर्व माणसाने एकमेकांकडूनच घेतली आहेत. प्रमाणवेळ हीसुद्धा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडून देशाने घेतलेली उसनीच आहे. परंतु उसने काय आणि आपले काय, हे जाणणारा मनुष्य शहाणा समजला जातो, आणि न जाणणारा कर्जात बुडतो. तळेगावच्या फाट्यावर घड्याळातले चक्र फिरत राहिले, तर रस्त्याच्या कडेला उसाचा रस विकणारा किंवा एस.टी.ची वाट पाहत बसलेल्या आजीबाई पत्ता सांगावयास असतातच. त्यांना विचारण्यासाठी जाळे लागत नाही, बॅटरी लागत नाही. केवळ गाडीची काच खाली करावी लागते. घड्याळाने ही सवय मात्र मोडू नये, एवढीच काळजी प्रवाशाने घ्यावयाची आहे.